पीएचडीच्या संशोधनासाठी फेलोशिप आणि ग्रँट: कुठे शोधायची, अर्ज कसा करायचा

अभ्यासिका

फेलोशिपबद्दलचे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेले आहेत, म्हणून हा एकत्र धागा काढते आहे. विषय आणि देश कुठलाही असला तरी उपयोगी पडेल असं लिहू या.

आधी एक फरक स्पष्ट करते, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. 'फेलोशिप हवी आहे' म्हणताना आपल्या मनात चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

पहिला प्रकार म्हणजे माणसाला मिळणारे पैसे: स्टायपेंड, फी, विमा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप (जीआरएफपी) अशी आहे. पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षांचा स्टायपेंड, आणि तो फक्त तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना. केंब्रिजमध्ये शिकण्यासाठीची गेट्स केंब्रिज याच गटातली, पण ती ब्रिटनबाहेरच्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे.

दुसरा प्रकार म्हणजे कामाला मिळणारे पैसे: प्रवास, फील्डवर्क, उपकरणं, नमुन्यांची तपासणी, दप्तरखान्यातलं काम. मानवशास्त्रातली वेनर-ग्रेन फाउंडेशनची डिझर्टेशन फील्डवर्क ग्रँट याचं चांगलं उदाहरण. २५,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळते, राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण त्यातून विद्यापीठाची फी भरता येत नाही आणि स्वतःचा पगारही काढता येत नाही.

तिसरा, प्रबंध लिहिण्याच्या शेवटच्या वर्षासाठीची फेलोशिप. इथे डेटा हातात आलेला असावा लागतो आणि एखादं प्रकरण लिहून झालेलं दाखवावं लागतं. चौथा, छोटे पैसे: परिषदेचा प्रवास, एखाद्या ग्रंथालयात महिनाभर बसण्याची सोय, उन्हाळी कार्यशाळा.

पहिल्या प्रकारात परीक्षक मुख्यतः अर्जदाराची वाटचाल बघतात. दुसऱ्यात प्रश्न, पद्धत आणि खर्च यांचा मेळ बघतात. तिसऱ्यात काम वेळेत पुरं होईल का, एवढंच विचारतात. त्यामुळे एकच मजकूर सगळीकडे चिकटवला की तो कुठेच बसत नाही. फेटाळल्या गेलेल्या अर्जांत बऱ्याचदा कल्पना चांगली असते, अर्ज चुकीच्या दारात गेलेला असतो.

---

नवी_नोंद

धागा काढलात ते फार बरं केलं. पण शोधायचं नेमकं कुठून? गूगलवर टाकलं की 'टॉप १०० स्कॉलरशिप' छापाची पानं येतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या तारखा उलटून गेलेल्या असतात.

---

शोधसूची

ती पानं सोडून द्या. उलटीकडून शोधा: तुमच्या विषयात ज्यांना पैसे मिळाले, त्यांना ते कुणी दिले?

आपल्या उपविषयातले गेल्या पाच वर्षांतले पंधरा-वीस शोधनिबंध आणि प्रबंध काढा. लेखक त्या वेळी विद्यार्थी असलेला बरा. प्रत्येकाचं ऋणनिर्देशाचं पान वाचा. निधी देणाऱ्या संस्थांची नावं तिथे लिहिलेलीच असतात, कारण तो उल्लेख ग्रँटच्या अटींमध्येच असतो. दोन दुपारांत पंचवीस-तीस नावं जमतात आणि ती सगळी तुमच्या विषयाला पैसे देणारी असतात.

ज्यांच्या विद्यापीठात वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस (शोधनिबंधांच्या नोंदींचे कोश) आहे, त्यांना हे काम अजून सोपं. दोन्हीकडे निधी देणाऱ्या संस्थेच्या नावाने शोध घेता येतो. विषयाचे शब्द टाका, निकाल आले की बाजूच्या गाळणीत फंडिंग एजन्सीची यादी उघडा. मोठ्या सरकारी संस्था वगळून खालची छोटी नावं बघा. खरा उपयोग त्यांचाच.

दुसरी जागा म्हणजे मंजूर प्रकल्पांचे सार्वजनिक कोठार. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अवॉर्ड सर्चमध्ये शीर्षकात 'डॉक्टरल डिझर्टेशन रिसर्च' हे शब्द इंग्रजीत टाकले, की विद्यार्थ्यांना मंजूर झालेल्या ग्रँटचे सारांश रकमेसह दिसतात. तुम्ही तिथे अर्ज करू शकत नसलात तरी हे सारांश वाचाच. मंजूर झालेला प्रश्न किती अरुंद असतो आणि पद्धत किती थोडक्या ओळींत सांगता येते, ते डोळ्यांसमोर येतं. ब्रिटनच्या प्रकल्पांसाठी 'गेटवे टू रिसर्च' तसंच आहे.

युरोपात पीएचडीची जागा हीच अनेकदा पगारी नोकरी असते. ती फेलोशिपच्या यादीत दिसत नाही, युरॅक्सेसच्या संकेतस्थळावर जाहिरात म्हणून येते. युरोपीय संघाच्या निधीवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागाही तिथेच लागतात. त्यांची एक अट लोक शेवटी वाचतात: नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत, ज्या देशात जायचं त्या देशात तुमचं वास्तव्य किंवा मुख्य काम १२ महिन्यांहून जास्त झालेलं नसावं. नागरिकत्व कुठलंही चालतं, पण आधीच त्या देशात एमएस करत असाल तर अडचण येऊ शकते. सुट्टीसारखा छोटा मुक्काम मोजत नाहीत. शिवाय आधीची पीएचडी नसावी.

शोधशब्दांबद्दल: नुसतं 'पीएचडी फेलोशिप' टाकू नका. 'प्रीडॉक्टरल', 'डिझर्टेशन', 'डॉक्टरल रिसर्च', 'अर्ली करिअर', 'स्मॉल ग्रँट', 'सीड ग्रँट', 'ट्रॅव्हल अवॉर्ड' असे वेगवेगळे शब्द विषयाच्या नावाबरोबर टाका. आणि आपल्या विषयाची व्यावसायिक संघटना विसरू नका. अशा संघटनांच्या विद्यार्थी-ग्रँट लहान असतात, पण माहिती सभासदांपुरती फिरते, त्यामुळे अर्जही कमी येतात.

विद्यापीठाच्या ग्रंथपालांना 'पिव्हट' आहे का ते विचारा. निधीसंधींचा तो सशुल्क कोश आहे आणि संस्थेच्या वर्गणीवर चालतो. अनेक ठिकाणी वर्गणी भरलेली असते, पण विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो. कॉर्नेलच्या ग्रॅज्युएट स्कूलचा फेलोशिप कोश मात्र बाहेरच्यांनाही बघता येतो.

सापडलेलं सगळं एका तक्त्यात घाला. रकाने असे: नाव, पात्रता, रक्कम, कशाला पैसे देत नाहीत, शेवटची तारीख, शिफारसपत्रं किती, अर्ज कोण पाठवतं (विद्यार्थी की विद्यापीठ), निकाल कधी, पैसे कधी. चौथा आणि शेवटचा रकाना लोक वगळतात, आणि अडचण त्याच दोन ठिकाणी येते. अर्ज केल्यापासून पैसे हातात येईपर्यंत सहा ते दहा महिने सहज जातात. पुढच्या पावसाळ्यात मोजमाप करायचं असेल तर अर्ज या पावसाळ्यातच जायला हवा.

---

रानपाखरू

शोधसूची, 'कशाला पैसे देत नाहीत' हा रकाना शंभर टक्के बरोबर. परिसरविज्ञानातलं उदाहरण देतो. रफर्ड फाउंडेशन निसर्गसंवर्धनासाठी छोट्या ग्रँट देतं. त्या टप्प्याटप्प्याच्या आहेत: पहिली पूर्ण झाली की दुसरी, मग पुढची. विकसनशील देशांत काम करणाऱ्या नवख्या लोकांसाठी ही उत्तम जागा. पण संवर्धनाशी थेट नातं नसलेलं निव्वळ शैक्षणिक संशोधन त्यांना नको असतं. 'या बेडकाच्या आवाजातले भेद' एवढंच मांडलं तर उपयोग नाही. त्या आवाजांच्या नोंदींवरून कुठली डबकी राखायची हे ठरणार असेल, स्थानिक वनखातं किंवा गावसमिती त्यात असेल, तर त्या अर्जाला दार उघडतं.

उपकरणं हवी असतील तर आयडिया वाइल्ड ही संस्था रोख रकमेऐवजी वस्तूच देते: दुर्बीण, कॅमेरा ट्रॅप, जीपीएस. सिग्मा झायची ग्रँट्स-इन-एड ऑफ रिसर्च ही रक्कम लहान असलेली, पण विज्ञानाच्या बहुतेक शाखांना खुली योजना आहे.

छोट्या ग्रँटला कमी लेखू नका. सीव्हीवर 'स्पर्धेतून मिळालेला निधी' ही पहिली ओळ तिथूनच येते आणि मोठ्या संस्थेचा परीक्षक ती ओळ शोधत असतो.

---

प्रयोगवही

विकसनशील देशांतल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनींसाठी दोन नावं जोडते. श्लंबर्गर फाउंडेशनची 'फॅकल्टी फॉर द फ्युचर' ही २००४ पासून चालू असलेली योजना, परदेशातल्या पीएचडी आणि पोस्टडॉकसाठी. शिकून झाल्यावर मायदेशी परतून शिकवण्या-संशोधनाचा इरादा पटवून द्यावा लागतो. दुसरी ओडब्ल्यूएसडीची (विकसनशील जगातल्या स्त्री-वैज्ञानिकांची संघटना) पीएचडी फेलोशिप. ही एका विकसनशील देशातून दुसऱ्या विकसनशील देशात जाऊन शिकण्यासाठी असते आणि पात्र देशांची यादी ठरलेली असते. आधी ती यादी बघा, मगच पुढचं वाचा.

---

कातरवेळ

प्रपोजल लिहायला बसलं की पहिल्या पानावरच अडकायला होतं. पार्श्वभूमी किती लिहायची? परीक्षक विषयातलेच असतात का?

---

तिसरा_वाचक

बहुतेक समित्यांत तुमच्या नेमक्या उपविषयातला एखादाच असतो, कधी एकही नसतो. बाकीचे शेजारच्या शाखांतले. शिवाय त्यांच्यापुढे अर्जांचा गठ्ठा असतो. पहिलं पान नीट वाचतात, पुढची पानं त्या पहिल्या पानाने तयार केलेल्या मताने वाचतात. म्हणून पहिल्या परिच्छेदावर बाकी सगळ्या प्रपोजलइतका वेळ घालवला तरी तो वाया जात नाही.

नमुना म्हणून एक काल्पनिक विषय घेऊ: कालव्याच्या टोकाला पाणी का पोहोचत नाही. नेहमी दिसणारी सुरुवात अशी:

*'पाणी ही जीवनावश्यक बाब असून जगभर पाणीटंचाईचे संकट गडद होत आहे. सिंचन व्यवस्थापनावर अनेक अभ्यास झाले आहेत. तथापि या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे. प्रस्तुत संशोधनात कालवा सिंचनाच्या विविध पैलूंचा अभ्यास केला जाईल.'*

यात चुकीचं काही नाही, पण परीक्षकाला हातात धरायला काहीच मिळत नाही. आता हे बघा:

*'कालव्याच्या टोकाकडच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या पाळीपेक्षा कमी पाणी मिळतं, हे माहीत आहे. ते गळतीमुळे किती कमी होतं आणि वरच्या अंगाला पाळ्या बदलल्यामुळे किती, हे निवडलेल्या कालव्यावर वेगवेगळं मोजलेलं नाही. चार वितरिकांवर एक पूर्ण हंगाम प्रवाह मोजून, तो पाळीपत्रकाशी ताडून आणि ४० शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन हे दोन हिस्से मी वेगळे करणार आहे. गळतीचा हिस्सा मोठा निघाला तर अस्तरीकरणाचा खर्च योग्य ठरतो. पाळ्यांचा मोठा निघाला तर तोच पैसा टोकाला पाणी पोहोचवणार नाही.'*

काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते कसं कळणार, कळल्याने काय बदलेल. पाच वाक्यांत सगळं आलं. आणि उत्तर दोन्हीकडे जाऊ शकतं हे दिसतं. ज्या प्रश्नाचं उत्तर अर्जातच ठरलेलं असतं, त्याला पैसे द्यायला समिती कचरते.

'यावर कुणीच काम केलेलं नाही' हे वाक्य टाळा. एक तर ते सहसा खरं नसतं आणि समितीतल्या एकाने तरी ते काम वाचलेलं असतं. दुसरं म्हणजे, कुणी केलं नाही म्हणून ते करण्याजोगं ठरत नाही. जवळची दोन-तीन कामं नावानिशी घ्या आणि ती नेमकी कुठे थांबतात ते सांगा.

पद्धतीच्या भागात सगळ्यात जास्त गुण जातात. 'मिश्र पद्धती वापरून मुलाखती आणि निरीक्षण केलं जाईल' एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. किती मुलाखती, कुणाच्या, निवड कशी, कुठल्या भाषेत, किती वेळाच्या, त्यातून आलेल्या मजकुराचं काय करणार, आणि कुठल्या उपप्रश्नाचं उत्तर कुठल्या साधनातून येणार? एक चाचणी सांगतो. आपले उपप्रश्न डाव्या बाजूला आणि साधनं उजव्या बाजूला लिहून रेघा जोडा. ज्या प्रश्नाला रेघ नाही तो काढा. ज्या साधनाला रेघ नाही तेही काढा, कारण त्याचा खर्च बजेटमध्ये उघडा पडणार आहे.

सारांश सगळ्यात शेवटी लिहा, पण त्याला सगळ्यात जास्त जपा. अनेक ठिकाणी कुणाकडे अर्ज वाचायला द्यायचा हे सारांश आणि विषयशब्दांवरून ठरतं. सारांशात एखादा शब्द फॅशन म्हणून घातला तर अर्ज भलत्याच तज्ज्ञाच्या हाती पडतो, आणि तो आपल्या शाखेच्या कसोट्या लावतो.

---

प्रयोगवही

तिसरा_वाचक, मानव्य आणि समाजशास्त्रांसाठी हे पटलं. प्रयोगशाळेच्या विषयांत थोडं वेगळं वजन पडतं, ते लिहिते.

तिथे पहिला धोका म्हणजे एकमेकांवर उभी असलेली उद्दिष्टं. पहिल्या उद्दिष्टात उत्परिवर्तित वाण तयार करायचं आणि दुसरं-तिसरं त्याच वाणावर, अशी रचना असेल तर परीक्षक लगेच विचारतो, वाण जगलंच नाही तर? उद्दिष्टं एका प्रश्नाशी बांधलेली, पण एकमेकांवर न टेकलेली असावीत. टेकणं अटळ असेल तर पर्यायी मार्ग दोन ओळींत लिहा, आणि तो खरोखर करता येण्याजोगा असू द्या. 'अडचण आल्यास पद्धतीत योग्य बदल केले जातील' हा पर्यायी मार्ग नाही.

दुसरं, प्राथमिक निकाल. एक स्वच्छ आलेख पुरतो, पण त्यावर नमुन्यांची संख्या आणि त्रुटीच्या मर्यादा (एरर बार) दाखवलेल्या हव्यात. नमुने किती घ्यायचे याचं गणित दाखवा: अपेक्षित फरक किती, त्यातला चढउतार किती, म्हणून दर गटात इतके. 'प्रत्येकी तीन' असं नुसतं लिहिलं की शंका येते.

तिसरं, हे काम तुमचं की गाईडच्या मोठ्या प्रकल्पाचा तुकडा? वैयक्तिक फेलोशिपमध्ये हा प्रश्न हमखास येतो. गाईडच्या ग्रँटमधली वाक्यं उचलून घातली की लिखाणाचा आवाज बदलतो आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं. प्रयोगशाळेकडे काय तयार आहे आणि त्यात तुम्ही नवीन काय आणणार, हे वेगळं करून सांगा.

आणि जीआरएफपीसारख्या ठिकाणी शीर्षकंसुद्धा नियमात असतात. तिथे वैयक्तिक निवेदन तीन पानांचं आणि संशोधन आराखडा दोन पानांचा असतो. दोन्हींत 'इंटलेक्च्युअल मेरिट' आणि 'ब्रॉडर इम्पॅक्ट्स' ही शीर्षकं स्वतंत्रपणे द्यावी लागतात. ती नसली तर अर्ज न वाचता परत जातो. परीक्षकाच्या हातात गुणपत्रिका असते. तिच्यावरचे शब्द अर्जात जसेच्या तसे असतील तर त्याला शोधाशोध करावी लागत नाही. कुठल्याही अर्जाला हेच लागू.

---

नवी_नोंद

शिफारसपत्रांबद्दल कुणी लिहील का? मोठ्या नावाचं पत्र चांगलं की ओळखणाऱ्याचं?

---

अभ्यासिका

ओळखणाऱ्याचं. मोठ्या नावाच्या दोन परिच्छेदांच्या पत्रातून समितीला एवढंच कळतं की यांनी काम जवळून पाहिलेलं नाही.

पत्र मागताना किमान सहा आठवडे हातात ठेवा, आणि 'माझ्यासाठी चांगलं पत्र लिहू शकाल का' असं विचारा, म्हणजे ज्यांना जमणार नाही त्यांना नाही म्हणायला वाट राहते. होकार आला की एकाच ईमेलमध्ये सगळं द्या: कॉलचा (अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीचा) दुवा, निकष, प्रपोजलचा मसुदा, सीव्ही, पत्र कुठे आणि कसं जमा करायचं, शेवटची तारीख त्यांच्या वेळेप्रमाणे. त्यासोबत अर्ध्या पानाची टिपणं: या व्यक्तीने स्वतः पाहिलेली तीन-चार कामं, ठोस. कुठल्या सेमिनारात काय मांडलं, कुठली चूक शोधली, कुठला कोड लिहिला. तीन पत्रं लागत असतील तर तिघांना वेगवेगळी टिपणं द्या, म्हणजे एक कामाबद्दल, एक पद्धतीवरच्या पकडीबद्दल, एक एकट्याने काम नेण्याबद्दल बोलेल. नाहीतर तिन्ही पत्रं 'मेहनती आणि अभ्यासू' इथेच थांबतात.

दोन आठवडे आधी एक आठवण, तीन दिवस आधी दुसरी. यात संकोच बाळगू नका. प्राध्यापक याची वाटच बघत असतात. पोर्टलचा स्वयंचलित ईमेल अनेकदा स्पॅममध्ये जातो, म्हणून दुवा पाठवलेल्या दिवशीच 'मिळाला का' विचारा. शक्यतो शिफारसदाराचा संस्थेचा ईमेल द्या. काही पोर्टल खासगी पत्ते घेतच नाहीत. काही पोर्टलांवर तुम्ही अर्ज जमा केल्याशिवाय पत्राचा दुवा जातच नाही. तो क्रम पहिल्याच दिवशी तपासा. जीआरएफपीत किमान दोन पत्रं मुदतीत आली नाहीत तर अर्जच अपात्र ठरतो, म्हणून एक नाव जास्तीचं द्यावं.

---

हिशेबनीस

बजेटवर कुणी बोललं नाही अजून. बहुतेक जण ते शेवटच्या रात्री करतात, आणि परीक्षक मात्र पद्धतीनंतर लगेच तिथे जातो. पद्धत खरंच विचार करून लिहिली आहे का, हे बजेट आणि वेळापत्रकावरूनच कळतं.

तिसरा_वाचक यांचा कालवा घेतो. ४० मुलाखती, प्रत्येकी ७५ मिनिटं. म्हणजे ३,००० मिनिटं, ५० तास ध्वनिमुद्रण. एक तास ऐकून उतरवायला साधारण पाच तास धरा. बोली, वारा, मागे चालू असलेला पंप असेल तर जास्तच. २५० तास झाले. आठवड्याला २५ तास बसलात तर दहा आठवडे. आता वेळापत्रकात 'मुलाखतींचं लिप्यंतरण व विश्लेषण: ३ आठवडे' असं लिहिलेलं असतं, तिथे परीक्षक पेन टेकवतो. यावर तीन उपाय: मुलाखती २४ करा, किंवा उतरवून घ्यायचा खर्च बजेटमध्ये घाला, किंवा पूर्ण उतरवण्याऐवजी निवडक भाग उतरवणार असं पद्धतीतच सांगा आणि निवड कशी ते लिहा. तिन्ही चालतात, गप्प बसणं चालत नाही.

प्रत्येक ओळीला दर, संख्या आणि कारण द्या. 'प्रवास: २,०००' असं नको. 'चार वितरिका, दर वितरिकेला दहा फेऱ्या, एका फेरीचा खर्च ५०, एकूण २,०००; पाळी दर दोन आठवड्यांनी बदलते म्हणून हंगामात दहा फेऱ्या' असं हवं. कारण एका वाक्याचं असलं तरी पुरे, पण ते पद्धतीकडे बोट दाखवणारं असावं.

बजेटमध्ये हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: दुभाष्याचं किंवा साहाय्यकाचं मानधन, व्हिसा आणि परवान्याची फी, विमा, नमुने पाठवण्याचा व शीतसाखळीचा खर्च, डेटा साठवण्याचं साधन, बँकेची वटणावळ आणि चलनाचा फरक. विनिमय दर कुठल्या तारखेचा धरला ते तळाशी लिहा. 'किरकोळ: १० टक्के' ही ओळ अनेक संस्था थेट कापतात, म्हणून त्या दहा टक्क्यांत काय येणार आहे तेच वेगवेगळं लिहा.

कमाल मर्यादेपेक्षा मुद्दाम कमी मागितल्याने अर्ज चांगला दिसत नाही. एवढ्या पैशांत हे होणार नाही, हे फील्डवर्क केलेला माणूस लगेच ओळखतो. आणि खरा खर्च मर्यादेच्या वर जात असेल तर उरलेले पैसे कुठून येणार ते लिहा.

शेवटचं, ओव्हरहेड. काही विद्यापीठं येणाऱ्या निधीतून प्रशासकीय टक्केवारी घेतात. अनेक खासगी फाउंडेशनं ती द्यायला तयार नसतात. हा पेच निधी मंजूर झाल्यावर सुटायला महिने लागतात. अर्जाआधीच वित्त कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. पैसे विद्यापीठात येणार की थेट खात्यात, आणि घेतलेल्या उपकरणाची मालकी कुणाची, हेही त्याच पत्रात विचारा.

---

कातरवेळ

एकाच कामासाठी दोन-तीन ठिकाणी अर्ज केला तर चालतं का? की ते गैर समजतात?

---

शोधसूची

अर्ज करायला सहसा बंदी नसते. एकाच वेळी दोन घ्यायला अनेकदा असते, विशेषतः दोन्ही स्टायपेंड असतील तर. अर्जात 'इतरत्र मागितलेला निधी' असा रकाना असतो, तो पूर्ण आणि खरा भरा. दोन्ही मिळाले तर कुठल्या पैशातून काय, याचा तक्ता तयार ठेवा: अ संस्था फील्डवर्क, ब संस्था नमुन्यांची तपासणी. एकाच खर्चाची दोन ठिकाणी पावती लावणं हा सरळसरळ गैरव्यवहार ठरतो.

काही योजनांत आयुष्यात किती वेळा अर्ज करता येतो हेही ठरलेलं असतं. जीआरएफपीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला एकदाच. तिथे कच्चा अर्ज पाठवून संधी घालवू नये.

आणि मिळाल्यानंतरच्या बंधनांचा विचार आधी करा. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर जे-१ (देवाणघेवाणीच्या) व्हिसाने अमेरिकेत गेलेल्यांना मायदेशात एकूण दोन वर्षं राहण्याची अट लागू होते. ती पुरी किंवा माफ झाल्याशिवाय एच किंवा एल प्रकारचा (नोकरीसाठीचा) व्हिसा आणि कायम वास्तव्य मिळत नाही. ज्यांना लगेच तिथे पोस्टडॉकला जायचं आहे त्यांनी व्हिसाचे पर्याय आधी तपासावेत.

ता. क.: 'तुमची निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा' असा ईमेल आला तर थांबा. संघटनेची सभासद फी ही वेगळी गोष्ट आणि तिची माहिती संकेतस्थळावर उघड असते. अर्जच केला नव्हता तिथून निवड होत नाही. शंका आली तर ईमेलमधल्या दुव्यावरून न जाता संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन विचारा.

---

रानपाखरू

कागदपत्रांच्या वेळेचा अंदाज लोक फार कमी धरतात. एथिक्स समितीची मंजुरी, संरक्षित क्षेत्रात शिरण्याचा परवाना, नमुने देशाबाहेर न्यायचा परवाना, यजमान संस्थेचं पत्र. यांतलं एकही तुमच्या हातात नसतं. बहुतेक संस्था अर्जाच्या वेळी 'मंजुरी प्रलंबित' चालवून घेतात, पण पैसे सोडताना प्रत मागतात. म्हणून अर्ज आणि मंजुरी दोन्ही एकदमच सुरू करा.

यजमानाचं पत्र नुसतं 'स्वागत आहे' असं आणू नका. काय वापरायला मिळेल ते त्यात हवं: अमुक उपकरण आठवड्यातून इतके दिवस, बसायला जागा, संग्रहातल्या अमुक नोंदी, देखरेख कोण करणार. मसुदा तुम्हीच लिहून दिलात तर यजमानालाही सोयीचं जातं.

---

तिसरा_वाचक

जमा करण्याच्या दिवसाबद्दल, म्हणजे जिथे चांगले अर्ज उगाच बाद होतात.

शेवटची वेळ कुणाच्या घड्याळाने, ते बघा. कधी संस्थेच्या शहराची वेळ असते, कधी अर्जदाराची स्थानिक, कधी 'एनीव्हेअर ऑन अर्थ', म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १२ तास मागे. विद्यापीठामार्फत जाणाऱ्या अर्जाला अंतर्गत मुदत वेगळी असते, अनेकदा आठवडाभर आधीची.

पानांची मर्यादा पीडीएफ झाल्यावर मोजा. वर्डमध्ये दोन पानं दिसणारं पीडीएफमध्ये दोन पानं आणि एक ओळ होतं. देवनागरी किंवा विशेष चिन्हं असतील तर फाँट पीडीएफमध्ये बसवा, नाहीतर परीक्षकाला चौकोन दिसतात. पोर्टलच्या चौकटीत चिकटवलेल्या मजकुरातले तिरपे शब्द, घातांक आणि ग्रीक अक्षरं गळून पडतात. अक्षरमर्यादा असेल तर ती मोकळ्या जागांसकट आहे का तेही पाहा. मुदतीच्या ४८ तास आधी जमा करा, मग पोर्टलने बनवलेली एकत्र प्रत उतरवून पान न् पान वाचा. जोडपत्रांची अदलाबदल तिथेच सापडते.

---

नवी_नोंद

आणि नकार आला तर? तोच विषय तिथेच पुन्हा पाठवावा का?

---

तिसरा_वाचक

अभिप्राय मिळत असेल तर आधी तो मागवा. काही संस्था मागितल्यावरच देतात. वाचून आठवडाभर बाजूला ठेवा. मग प्रत्येक मुद्दा तीन ढिगांत टाका: परीक्षकाचं बरोबर आहे; परीक्षकाला समजलं नाही; परीक्षकाला वेगळाच प्रकल्प हवा होता. पहिल्यात काम बदला. दुसऱ्यात लिखाण बदला, कारण एकाला नाही कळलं तर पुढच्यालाही कळणार नाही. तिसरा ढीग मोठा असेल तर संस्था बदला.

काठावरच्या अर्जांत नशिबाचा भाग असतो आणि संस्थाही तो मान्य करू लागल्या आहेत. ब्रिटिश अकॅडमीने २०२२ पासून आपल्या छोट्या संशोधन ग्रँटमध्ये दर्जाचा उंबरठा ओलांडलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून निवड करायला सुरुवात केली. त्यामुळे 'उत्तम, पण निधी अपुरा' असं उत्तर आलं असेल तर प्रकल्प मोडीत काढू नका, किरकोळ दुरुस्त्या करून पुढच्या फेरीत पाठवा.

पुनर्अर्जासोबत काय बदललं याचं निवेदन मागतात. त्यात आभार आणि दिलगिरी यांवर जागा घालवू नका. मुद्दा, उत्तर, जागा, एवढंच: 'परीक्षक २: मुलाखतींची निवड अस्पष्ट. आता प्रत्येक वितरिकेवर वरच्या, मधल्या आणि टोकाच्या भागातून पाणीवापर संस्थेच्या यादीतून सोडत काढून निवड. पान ३, परिच्छेद २.' जिथे परीक्षकाचं म्हणणं पटलेलं नाही तिथेही गप्प राहू नका. का पटलं नाही ते एका वाक्यात, पुराव्यासह लिहा. नव्या फेरीत परीक्षक वेगळे असू शकतात, म्हणून निवेदन जुना अर्ज न वाचलेल्या माणसालाही कळलं पाहिजे.